गाडी कोणाच्या नावावर?

आमच्या घरात नऊ वर्षे एक कायदा चालला. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची हिंमत नव्हती. पेट्रोलवर चालणारी कोणतीही वस्तू या घरात येणार नाही, असा अब्बांचा हुकूम होता. आम्ही उमरेडच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहोत. घरापासून शाळा सायकलने सात-आठ मिनिटांवर. सहकारी मोटारसायकलींवर यायचे, आम्ही सायकलवर. "काय जी मास्तर, पगार सातव्या आयोगाचा अन् सायकल तिसऱ्या आयोगाची?" अशी थट्टा व्हायची. प्रकृतीला सायकल चांगली असते, असे सांगून आम्ही वेळ मारून न्यायचो. खरे कारण सांगायची लाज वाटायची. ते कारण अब्बांच्या लोखंडी पेटीत बंद होते.

२०२१ च्या डिसेंबरात अम्मींचे नागपूरला ऑपरेशन झाले. छातीतली गाठ होती. गाठ निघाली, पण डॉक्टरांनी पुढे पंचवीस शेक सांगितले. सोमवार ते शुक्रवार, रोज एक, असे पाच आठवडे. शेक घ्यायला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत. पण त्या दहा मिनिटांसाठी उमरेडहून नागपूरला जायचे आणि परत यायचे, म्हणजे रोजचा शंभरेक किलोमीटरचा प्रवास.

एरवी हा प्रवास अवघड नव्हता. आमच्या लहानपणी नागपूर-नागभीड छोटी रेल्वे होती. अम्मी त्याच गाडीने आम्हाला इतवारीला आजोळी नेत असत. रूळ मोठे करायचे म्हणून ती गाडी २०१९ च्या अखेरीस थांबली. एसटी होती, पण २०२१ च्या दिवाळीपासून कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. उरली काळी-पिवळी. तिच्यात माणसे कशी भरतात ते विदर्भात सांगायला नको. टाके ताजे असलेल्या बाईला त्या गर्दीत बसवणे शक्यच नव्हते. भाड्याच्या गाडीवाल्याने रोजचे दोन हजार सांगितले. पंचवीस दिवसांचे पन्नास हजार. पाच आठवड्यांनी हातात काय राहणार? काहीच नाही. पुढे दर तीन महिन्यांनी तपासणीला न्यायचे होतेच. पत्नी म्हणाली, "इतक्यात तर जुनी ओमनी अर्धी होते."

बोलून गेली आणि तिने दाराकडे पाहिले. अब्बा ओसरीवर मशीनवर बसले होते. अब्बा शिंपीकाम करतात. मशीन थांबली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. अब्बा काही बोलले नाहीत. आम्ही तो होकार समजलो.

पैशाचा हिशेब मांडला. शिक्षकांच्या पतसंस्थेचे कर्ज आठ दिवसांत मिळाले असते, पण त्याला व्याज आहे. अब्बांनी हयातभर सूद घेतला नाही आणि आपल्या मर्जीने दिला नाही. "आपल्या मर्जीने" हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले आहेत, त्याचा खुलासा पुढे येईल. बारा जणांची पाच-पाच हजारांची बीसी होती, त्यातले साठ हजार आम्ही आधी उचलले. चाळीस हजार पत्नीने साठवलेले. पस्तीस हजार आपांनी, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीने, कर्ज-ए-हसना म्हणून देऊ केले. एक लाख पस्तीस हजार. एवढ्यात घरातली सात माणसे बसतील आणि अम्मींना आडवे होता येईल, अशी एकच गाडी उमरेडमध्ये मिळते.

ओमनीबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' या साध्या नावाने रस्त्यावर आली. १९८८ पासून ती ओमनी झाली. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे छोटेसे इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात ड्रायव्हर खालून आणि वरून दोन्हीकडून भाजून निघतो. दोन्ही बाजूंना सरकते दार. हिंदी सिनेमात खलनायकाची माणसे नायिकेला याच दारातून आत ओढत. पण आमच्यासारख्यांच्या वस्त्यांमध्ये याच दारातून नवरी उतरली, शाळेची पोरे चढली, बाळंतीण दवाखान्यात गेली आणि मयतही घरी आली. सुरक्षिततेचे नवे नियम आले आणि २०१९ साली ही गाडी बनणे बंद झाले. तिच्या जागेवर २०१० पासून ईको होतीच, पण जुन्या ईकोची किंमतही आमच्या बीसीच्या बाहेर होती.

गाडी पाहायची आहे ही बातमी मोहल्ल्यात पसरायला जुमाची एक नमाज पुरली. संध्याकाळी एक ओळखीचे भाई घरी आले. जुन्या गाड्यांची देवाणघेवाण करतात, स्वभावाने मदतीला धावणारे. ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला हेच पहिले आले होते. दारात पांढरी ओमनी उभी केली आणि म्हणाले, "मास्टर, दूसरों को एक लाख बोला हूँ, आपको पच्च्याऐंशी." मराठी आणि हिंदीची ही सरमिसळ आमच्याकडची रीतच आहे.

पच्च्याऐंशी हजार! पत्नीचा चेहरा फुलला. मुले आत बसूनही गेली. थोरलीने दार तीनदा सरकवून पाहिले.

आम्ही आरसी मागितली. गाडी २००९ ची, एमएच ३४, म्हणजे चंद्रपूरची. नाव तिथल्या कुणा गृहस्थांचे. त्यांनी दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याकडून भाईंनी घेतली. आरसीवर मात्र अजून पहिल्याचेच नाव. त्याखाली कर्ज देणाऱ्या कंपनीचा बोजाही तसाच. मागच्या सीटखाली घरगुती गॅसचे लाल सिलिंडर जोडलेले, आरसीवर इंधन पेट्रोल. आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म. विकणाऱ्याच्या जागी पहिल्या मालकाची सही, बाकी सगळे कोरे. घेणाऱ्याचे नाव कोरे, तारीख कोरी, किंमत कोरी.

"यह देखो, साइन करके रखे हैं. जब मर्जी नाम चढ़ा लो. कागज का क्या है मास्टर, अपने ही लोग हैं."

आम्ही घुटमळलो. खरे सांगायचे तर आमचे मन तयार होत होते. सोमवारपासून शेक सुरू व्हायचे होते. पन्नास हजार वाचत होते. एवढ्यात अब्बा मशीनवरून उठले. त्यांनी चष्मा लावला आणि ते कोरे फॉर्म हातात घेऊन बराच वेळ पाहिले. मग आत गेले. पेटीचे झाकण वाजले. परत आले तेव्हा हातात पिवळा पडलेला एक कागद होता. तो त्यांनी आमच्या हातात दिला नाही, भाईंच्या हातात दिला.

"पहले यह पढ़ लो."

तो मोटार अपघात दाव्याचा समन्स होता. २०१० चा.

ही हकीकत आम्हाला तुकड्यातुकड्यांनी माहीत होती. त्या दिवशी अब्बांनी ती पहिल्यांदा सलग सांगितली. २००८ साली त्यांनी आपली जुनी स्कूटर मोहल्ल्यातल्याच एका दोस्ताला विकली. साडेआठ हजार रुपये रोख, गळाभेट, चहा. फॉर्मवर सही केली आणि तो दोस्ताच्या स्वाधीन केला. "नाम बाद में चढ़ा लूँगा" असे दोस्त म्हणाला. चढवले नाही. विम्याची मुदत संपली, तो पुन्हा काढला नाही. २००९ च्या पावसाळ्यात दोस्ताचा भाचा ती स्कूटर घेऊन निघाला आणि सायकलवरून कामावर निघालेल्या एका मजुराला त्याने उडवले. मजुराचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

दावा झाला. गैरअर्जदार क्रमांक एक, चालवणारा भाचा. गैरअर्जदार क्रमांक दोन, गाडीचा नोंदणीकृत मालक. म्हणजे अब्बा.

समन्स मराठीत होता. अब्बा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. मराठी बोलतात ती अस्सल उमरेडची, गिऱ्हाइकाला कळत नाही की शिंपी मुसलमान आहे. दुकानांच्या पाट्या वाचतात, एसटीचा बोर्ड वाचतात. पण "गैरअर्जदार", "लेखी म्हणणे", "एकतर्फी निकाल" हे शब्द कोणत्या गिऱ्हाइकाने त्यांच्याशी बोलावेत? त्यांनी तो कागद दोस्तालाच दाखवला. दोस्त म्हणाला, "कुछ नहीं, पुरानी गाड़ी का है, मैं देख लूँगा." अब्बांनी कागद पेटीत ठेवला.

त्या वर्षी आम्ही नागपूरला बी.एड. करत होतो. शनिवारी घरी यायचो. पाठाचे तक्ते, साधने, निरीक्षणवह्या यांचा पसारा ओसरीवर मांडायचो. 'आशययुक्त अध्यापन' हे शब्द तोंडपाठ होते. आमच्यापासून पाच हातांवर त्या पेटीत तो कागद पडून होता आणि अब्बांनी तो आम्हाला दाखवला नाही. पुढे आम्ही विचारले, तेव्हा म्हणाले, "बेटा पढ़ाने वाला बन रहा था, और बाप को पढ़ना नहीं आता, यह कैसे बोलता?"

२०१३ मध्ये तहसील कचेरीतून माणूस आला. निकाल एकतर्फी लागला होता. भरपाई दोन लाख ऐंशी हजार, त्यावर अर्ज दाखल झाल्यापासून साडेसात टक्के व्याज. अशी रक्कम भरली नाही, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, तशी कायद्यात तरतूद आहे. भाच्याकडे वसूल करण्यासारखे काही नव्हते. दोस्ताने घर बदलले होते. अब्बांकडे मात्र एक प्लॉट होता. आपांच्या लग्नाला आणि आमच्या घराला म्हणून घेतलेला. तो विकला. तीन वर्षांचे व्याज त्रेसष्ट हजार झाले होते. ज्या माणसाने हयातभर सूद टाळला, त्याने तो त्रेसष्ट हजारांनी भरला. वर म्हटलेला खुलासा तो हाच.

पैसे भरायच्या दिवशी तो मजूर कुबड्या घेऊन आला होता. अब्बांनी त्याच्या पायाकडे पाहिले आणि त्याला सलाम केला. घरी येऊन एवढेच बोलले, "पैसा उसके हक का था. उसका मुझे गम नहीं. गम इतना है कि गाड़ी मेरी नहीं थी और नाम मेरा था." त्याच रात्री घरातला तो कायदा झाला.

भाईंनी समन्स वाचला नाही, त्यांनाही तो पूर्ण वाचता येत नव्हता. पण ऐकून घेतले. मग उठले. "चाचा, सब लोग एक जैसे नहीं होते," असे म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. जाताना त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. थोरली रडू लागली.

त्या रात्री आम्ही नेटवर बसून जे वाचले, ते थोडक्यात सांगतो, कारण आमच्यातल्या अनेकांना त्याची गरज आहे. आपण समजतो की पैसे दिले, चावी घेतली, म्हणजे गाडी आपली झाली. खरेदी-विक्रीपुरते ते ठीक असेल. पण अपघात झाला की न्यायालय विचारते, नोंदवहीत नाव कोणाचे? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच सांगितले. तिथेही गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी हातोहात विकली होती आणि नोंदणी पहिल्याच्याच नावावर राहिली होती. अपघातही २००९ चाच. जखमी माणसाने किंवा मृताच्या वारसांनी गाडीचा खरा मालक शोधत एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहावे काय? ते शक्य नाही, म्हणून ज्याच्या नावावर नोंदणी तोच मालक, असे न्यायालयाने म्हटले. वाचताना आम्हाला तो कुबड्यांवरचा मजूर आठवला. त्याच्या बाजूने पाहिले तर हा नियम न्यायाचाच आहे. म्हणूनच विकणाऱ्याने सावध राहायचे.

सावध राहायचे म्हणजे करायचे तरी काय? काम फार नाही. विकणाऱ्याने एकोणतीस नंबरच्या फॉर्मवर परिवहन कार्यालयाला गाडी विकल्याचे कळवायचे. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर चौदा दिवसांच्या आत. घेणाऱ्याने तीस नंबरच्या फॉर्मवर नाव लावून मागायचे, तीस दिवसांच्या आत. कर्जाचा बोजा असेल तर पस्तीस नंबरचा फॉर्म आणि कर्ज देणाऱ्याचा दाखला. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज. बस, एवढेच. या तीन-चार कागदांवर अब्बांचा प्लॉट वाचला असता.

दुसऱ्या दिवशी शाळेत एका सहकाऱ्याने भिवापूरचा पत्ता दिला. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. ओमनी २०१२ ची, एमएच ४०, पहिलेच मालक, पाच सीटची, नुसत्या पेट्रोलवर चालणारी. सांगत होते एक लाख चाळीस हजार.

आम्ही मिस्त्रीला घेऊन सकाळी सातला पोचलो. मिस्त्रीने आधीच बजावले होते, "गाडी आधी चालू करून ठेवू नका म्हणा, थंडीच पाहिजे." गरम इंजिन आपले दुखणे लपवते. त्याने चावी फिरवली, मागे जाऊन धूर पाहिला. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल पिते. धूर निळा नव्हता. पुढची सीट उचलून इंजिन पाहिले, ऑइलचे झाकण उघडून पाहिले. पायाखालचे रबरी मॅट उचलले आणि पत्रा अंगठ्याने दाबत गेला. सरकत्या दाराची खालची पट्टी बोटाने खरवडली. ओमनी आधी तिथे सडते. शेवटी चेसिस नंबर आरसीशी एकेक आकडा मोठ्याने वाचून जुळवला.

तो काही बोलायच्या आतच गुरुजी म्हणाले, "मीच सांगून टाकतो. मागच्या डाव्या चाकाच्या वर गंज आहे, आतून. रंगाने झाकला होता, दोन वर्षांत पुन्हा वर येईल. थंडीत दुसरा गिअर अडते. टायर दोन बदलावे लागतील. पाहून घ्या अन् मग भाव बोला."

अल्लाहच्या रसूलांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतली ओल बोटांना लागली, तेव्हा ती ओल वर का ठेवली नाहीस, असे व्यापाऱ्याला विचारले. ही हदीस आम्ही दरवर्षी मुलांना सांगतो. भिवापूरच्या त्या अंगणात एका हिंदू गुरुजींनी ओल आपण होऊन वर काढून ठेवली होती. आम्ही मिस्त्रीकडे पाहिले. तो म्हणाला, "आता मी काय पाहू? सगळं त्यांनीच सांगितलं." सौदा एक लाख तीस हजारांवर ठरला. उरलेले पाच हजार टायरचे.

गुरुजींनी फाइल काढली. दहा वर्षांची सगळी बिले तारखेने लावलेली. आम्ही जरा चाचरत म्हणालो, "गुरुजी, फॉर्म आत्ताच पूर्ण भरू या. तारीख, किंमत, वेळ, सगळं." आम्हाला वाटले, त्यांना वाईट वाटेल. त्यांनी पेन उघडला आणि म्हणाले, "मीच म्हणणार होतो. तुमच्या हाती काही झालं तर माझ्या दारी कोण येईल? अन् मी आधी काही करून ठेवलं असेल तर तुम्ही का भोगावं?" मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिले की अमुक तारखेला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गाडी ताब्यात दिली. त्यांच्या बायकोने आणि मिस्त्रीने साक्षी म्हणून सही केली. पुढच्याच आठवड्यात ते आमच्याबरोबर नागपूरला आले आणि ग्रामीणच्या परिवहन कार्यालयात रांगेत उभे राहिले. महिन्याभरात पोस्टाने नवे कार्ड आले. अब्बांनी त्यावरचे आमचे नाव बोट फिरवून वाचले.

आमच्याकडे तेव्हा लायसन नव्हते. पहिले पाच आठवडे पत्नीच्या धाकट्या भावाने गाडी चालवली. रोज सात लिटर पेट्रोल. पाचगाव, कुही फाटा, दिघोरी. ताजबाग आले की अम्मी पडल्या पडल्या हात उचलून दुआ मागत. परतताना त्यांना मळमळायचे, मग पत्नी सरकते दार थोडे उघडून एक हात दाराला आणि एक हात अम्मींना धरून बसायची. दुसरा गिअर अडायचा. अम्मी म्हणायच्या, "इसको भी शेक लगाओ." पंचविसाव्या दिवशी गाडीत मिठाई वाटली. आज अम्मी आमच्यात आहेत. ही अल्लाहची मेहरबानी आणि डॉक्टरांची. गाडीने फक्त नेण्या-आणण्याचे काम केले.

पण त्या भाईंचे काय? त्यांनी आमच्याशी बोलणे सोडले. मशिदीबाहेर एकदा चारचौघांत म्हणाले, "मास्टर को अपनों पे भरोसा नहीं, गैरों पे है." आम्हाला ते फार लागले. कारण रक्त त्यांनी दिले होते, भिवापूरच्या गुरुजींनी नव्हे. घरी येऊन आम्ही अब्बांना विचारले, आपण चुकलो काय?

अब्बांनी उलटच विचारले, "कुरआन की सबसे लंबी आयत किस बारे में है, मास्टर?"

आम्हाला माहीत होते. सूरह बकरातली दोनशे ब्याऐंशीवी आयत. उधारीचा व्यवहार मुदतीचा असेल तर तो लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षी घ्या, रक्कम लहान आहे म्हणून कंटाळा करू नका, असे सगळे त्यात आहे. सर्वांत लांब आयत ना युद्धाबद्दल आहे, ना शिक्षेबद्दल. ती कागदाबद्दल आहे. आम्ही ती पाठ केली होती. स्कूटर विकताना अब्बांनाही ती पाठ होती. पाठ असणे वेगळे.

मग अब्बांनी दुसरा प्रश्न विचारला. "आपा का पैंतीस हजार लिखा?" आम्ही खाली पाहिले. सख्ख्या बहिणीचे पैसे कोण लिहितो? दुसऱ्या दिवशी अब्बांनी स्वतः उर्दूत कागद लिहिला, दोन साक्षी घेतल्या आणि आपांना बोलावून दिला. आपा हसल्या, मग जरा रागावल्या. पण नेला. चौदा महिन्यांनी आम्ही शेवटचा हप्ता दिला, तेव्हा तो कागद त्यांनी परत आणला. त्यांच्या सासरी मध्यंतरी वाटणी झाली होती. त्या म्हणाल्या, "अच्छा हुआ लिखा था. वहाँ सबने पूछा, मैंने कागज दिखा दिया."

तेव्हा आम्हाला कळले की आपण उगाच मान खाली घालून वावरत होतो. कागद मागणे म्हणजे समोरच्यावर संशय घेणे, असे आपल्याकडे मानतात. दोस्तीत कागद आला की दोस्ती गेली. पण माणूस आजारी पडतो, घर बदलतो, मरतो, त्याचा भाचा स्कूटर घेऊन निघतो. तेव्हा दोस्तीच्या बाजूने उभे राहायला तो कागदच उरतो. अब्बांच्या दोस्ताने फॉर्म भरला असता तर स्कूटरच्या पैशांबरोबर दोस्तीही वाचली असती.

आणि दुसरी गोष्ट भाषेची. आम्ही उर्दूतून शिकलो, उर्दूतून शिकवतो, मुलांनाही उर्दूच्या शाळेत घातले आहे. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण समन्स उर्दूत येत नाही. सातबारा, विमा, दवाखान्याचे संमतिपत्र, यातले काहीच उर्दूत येत नाही. मराठी ही आपल्या शाळांतून गुण मिळवण्यापुरती शिकवायची भाषा नव्हे, हे आम्हाला बी.एड.च्या कॉलेजात नाही, त्या लोखंडी पेटीपाशी समजले. तेव्हापासून दहावीच्या वर्गाला दर वर्षी दोन तास आम्ही फक्त कागद वाचायला देतो. विजेचे बिल, बँकेचा अर्ज, नमुन्याचे समन्स. एका मुलीने विचारले, "सर, यह परीक्षा में आएगा?" आम्ही म्हटले, परीक्षेत नाही, घरी येईल.

गेल्या रमजानच्या आधी ते भाई दारात उभे राहिले. इतक्या दिवसांनी. हातात प्लास्टिकची पिशवी. ती पांढरी ओमनी त्यांनी पुढे कोणाला तरी विकली होती, त्याने आणखी कोणाला. आता कुठल्याशा दंडाचा कागद चंद्रपूरच्या त्या पहिल्या मालकाकडे गेला होता आणि तो माणूस फोनवर फोन करत होता. भाई दारातच थांबले. "मास्टर, यह मराठी में क्या लिखा है, जरा पढ़ दो."

आम्ही त्यांना आत बोलावले. पत्नीने चहा ठेवला. अब्बांनी मशीन थांबवली, चष्मा लावला आणि आमच्याआधी त्यांनीच तो कागद हातात घेतला. एकेक शब्द लावत वाचू लागले. अडले तिथे आम्ही सांगितले. अर्धा तास लागला. भाई शांत बसून ऐकत होते.

मग अब्बांनी विचारले, "कोरा फॉर्म लाए हो?"

भाईंनी पिशवीतून काढला. अब्बांनी पेन आमच्या हातात दिला आणि म्हणाले, "लिखो. तारीख से शुरू करो."